'कन्सिलिएटरी' या इंग्रजी विशेषणाचा अर्थ काय आणि ते कुठे वापरतात?

कोशात 'समेट घडवणारा' असा अर्थ दिलाय, मग भांडण मिटवणाऱ्या माणसाला 'कन्सिलिएटरी' म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. म्हटलं तर चूक नाही. पण त्या माणसासाठी इंग्रजीत 'कन्सिलिएटर' किंवा 'मीडिएटर' ही नामं आहेत आणि लोक तीच वापरतात. विशेषण बहुतेक वेळा लागतं ते बोलण्याला, पवित्र्याला किंवा एखाद्या कृतीला: कन्सिलिएटरी टोन, कन्सिलिएटरी रिमार्क्स, कन्सिलिएटरी जेश्चर. समोरच्याचा राग निवावा, ताण सैल व्हावा या हेतूने घेतलेला सूर. मराठीत 'सलोख्याची भाषा' म्हणतो, तेच.

कोशातल्या अर्थामुळे एक गैरसमज होतो. समेट झाला की नाही, याच्याशी या शब्दाला काही देणंघेणं नाही. तो फक्त हेतू सांगतो. ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचा फेब्रुवारी १७७५ मधला ठराव इतिहासात 'कन्सिलिएटरी रेझोल्यूशन' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतली जी वसाहत संरक्षणाचा आणि आपल्या कारभाराचा खर्च स्वतः उचलेल, तिच्यावर महसुलासाठी ब्रिटिश संसद कर लादणार नाही, असा तो देकार होता. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन गावी ब्रिटिश सैनिक आणि वसाहतवाले यांच्यात गोळीबार होऊन स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, ठराव फेटाळला आणि युद्ध पुढे आठ वर्षं चाललं. ठरावाचं नाव मात्र 'कन्सिलिएटरी'च राहिलं!

माफी मागणं किंवा शरण जाणंही यात येत नाही. आपला मुद्दा न सोडता माणूस सौम्य बोलू शकतो. म्हणून बातम्यांत 'कन्सिलिएटरी बट फर्म' अशी जोडी दिसते. कुणाशी सलोख्याने वागला हे सांगायचं तर पुढे 'टुवर्ड्स' घ्या: 'शी वॉज कन्सिलिएटरी टुवर्ड्स हर क्रिटिक्स'. उच्चारात जोर 'सि'वर.

याच्या जागी 'कॉम्प्रोमायझिंग' मात्र वापरू नका. आपल्याकडे 'त्याचा स्वभाव कॉम्प्रोमायझिंग आहे' असं सर्रास म्हणतात, पण इंग्रजीत 'कॉम्प्रोमायझिंग फोटो' म्हणजे अब्रू जाईल असा फोटो. स्वभावाबद्दलच बोलायचं असेल तर 'अकोमोडेटिंग' बरा.