फॉर्म्युला वनमध्ये न जाता रेसिंगमध्ये मोठी कारकीर्द होऊ शकते का?

नक्की होऊ शकते. डेन्मार्कचा टॉम क्रिस्टेन्सन बघा. फॉर्म्युला वनची एकही शर्यत तो धावला नाही, पण फ्रान्समधली ले माँची 24 तासांची शर्यत त्याने तब्बल 9 वेळा जिंकली. इतक्या वेळा ती आजवर कुणीच जिंकलेली नाही.

1997 मध्ये शर्यतीला जेमतेम काही दिवस उरले असताना त्याला योस्ट संघाचं बोलावणं आलं, आणि पहिल्याच प्रयत्नात तो जिंकला! पुढे 2000 ते 2005 सलग सहा विजय. त्यातला 2003 चा बेंटलीतून, बाकीचे ऑडीतून.

या शर्यतीत तीन चालक एकच गाडी आळीपाळीने चालवतात. रात्रभर वेग टिकवायचा, मागे पडणाऱ्या गाड्यांना सांभाळून ओलांडायचं आणि गाडी धडधाकट पुढच्याच्या हाती द्यायची. माझ्या मते एका झंझावाती फेरीपेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

2013 चा नववा विजय मात्र आठवला की गलबलून येतं. त्याच शर्यतीत त्याचा देशबांधव ॲलन सिमन्सन अपघातात गेला होता. क्रिस्टेन्सनने तो विजय त्यालाच अर्पण केला. 2014 च्या अखेरीस, 47 व्या वर्षी, तो निवृत्त झाला.