शिशाचा जादा पीक: फिल्मला दोष देण्याआधी स्पटरिंगचं विचारा

तुम्ही लिहिलंय की मेथिलअमोनियम लेड आयोडाइडच्या फिल्मच्या एक्सपीएसमध्ये (एक्स-रे मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात ती चाचणी) १३७ ईव्हीजवळ (इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) शिशाचा जादा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येतोय, व्हॅलन्स बँडची (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सर्वांत वरच्या ऊर्जापट्ट्याची) कड पेपरांशी जुळत नाही आणि गाइड म्हणतात रेसिपी बदला. तुमचा प्रश्न वाचून माझी पीएचडीची मधली वर्षं आठवली. रेसिपीला एवढ्यात हात लावू नका. १३८ च्या थोडं वर दिसतं ते पेरोव्स्काइटमधलं, म्हणजे तुमच्या पदार्थातलं, शिसं, १३७ जवळचं धातूरूप. ते फिल्ममध्ये मुळात असूही शकतं, पण पुष्कळदा मशीनमध्येच तयार होतं.

आमची सॅम्पल्स एका सामायिक उपकरण केंद्रात जायची. तिथे वरचा कार्बन काढायला सरसकट आर्गॉन आयनांचा मारा, म्हणजे स्पटरिंग, करायचे. धातूच्या पत्र्याला ते चालतं. इथे मात्र आयोडीन आणि सेंद्रिय भाग उडतो नि शिसं मागे उरतं. फॉर्मवर त्याचा रकाना नाही, रिपोर्टमध्ये उल्लेख नाही. रिपोर्ट म्हणजे ग्राफचं चित्र चिकटवलेली पीडीएफ. मूळ डेटा मागितला तर विभागप्रमुखांचं पत्र आणा. पत्र नेलं तर ऑपरेटर रजेवर. शेवटी फाइल्स मिळाल्या, तर प्रत्येकीत स्पटरिंगची नोंद! तोवर प्रिकर्सरचं (सुरुवातीच्या रसायनांचं) प्रमाण, अ‍ॅनीलिंग (फिल्म तापवणं), सगळं उलटसुलट करून झालं होतं. विद्यार्थ्याची फेलोशिप घड्याळावर चालते, याची तिथे कुणाला फिकीर नव्हती. राग अजून आहे.

तेव्हा ‘स्पटरिंग नको’ हे लेखी द्या, वर फोनही करा. शिशाचा ४एफ स्कॅन (वरचे दोन्ही पीक ज्यात दिसतात तो) सुरुवातीला आणि अगदी शेवटी, एकाच जागेवर घ्यायला लावा. दरम्यान १३७ चा पीक वाढला तर एक्स-रेच फिल्म खातोय. मूळ डेटा मिळणार नसेल तर माझ्या मते तिथे पैसे भरूच नका.

कडेचं वेगळं. या पदार्थात बँडच्या टोकाशी इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची घनता फारच कमी असते. नेहमीसारखी सरळ रेष ओढली की कड खरी असते त्यापेक्षा खोल दिसते. लॉग स्केलवर बघा, पार्श्वभूमी नीट वजा करून.

डीएफटीशी (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं संगणकावरचं गणित) ताडणार असाल तर एक सांगतो. नुसत्या पीबीईने (त्यातलं नेहमीचं, स्वस्त अंदाजसूत्र) गॅप, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर, १.६ ईव्हीच्या आसपास येतो, प्रयोगाशी जुळतो, म्हणून लोक तिथेच थांबतात. शिसं जड आहे. स्पिन-ऑर्बिट (इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि कक्षेतली गती यांचा एकमेकांवरचा परिणाम, जड अणूंत मोठा) घातलं की तोच गॅप सुमारे १ ईव्हीने कोसळतो. म्हणजे पीबीई गॅप कमी दाखवतं आणि स्पिन-ऑर्बिट वगळलं की तो जास्त दिसतो, या दोन चुकांनी एकमेकींना झाकलेलं असतं. हायब्रिड किंवा जीडब्ल्यू (पीबीईपेक्षा अचूक, पण महागडी गणितं), तेही स्पिन-ऑर्बिटसकट, परवडत नसेल तर निदान गॅप जुळल्याचा दावा करू नका.

माझं काम शिशाच्या आयोडाइडांपुरतंच आहे. टिनवाल्या फिल्म्स हवेत ऑक्सिडाइझ होतात, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.