वाचकांचा प्रश्न : नववीच्या वर्गात रशियन कथा

प्रश्न : सोलापुरात आमच्या शाळेत नववीसाठी रशियन नीतिकथांचं अभिवाचन ठेवतोय. सुरुवात कोणत्या कथेने करावी?

उत्तर : तॉलस्तॉयची ‘माणसाला किती जमीन लागते?’ (१८८६) घ्या. मोहोळ-बार्शीकडच्या मुलांना बांध, एकर समजावून सांगावे लागत नाहीत. बाश्कीर लोकांचा (रशियातल्या गवताळ प्रदेशातली एक जमात) सौदा मात्र सावकाश वाचा: हजार रूबलमध्ये दिवसभर चालून घेराल तेवढी जमीन, पण सूर्य मावळण्याआधी निघाल्या जागी, टेकडीवर, परत यायचं. इथे घाई झाली की पुढची धावाधाव मुलांना कळत नाही. कथेतला शेतकरी पाहोम, त्याचा मार्ग फळ्यावर काढत जा. पहिल्या दोन बाजू लांबल्यामुळे तिसरी त्याला आखडती घ्यावी लागते. चूक डोळ्यांना दिसते. टेकडीखाली त्याला सूर्य मावळलेला दिसतो, वर अजून ऊन असतं. तिथे थांबा आणि पुढे काय होईल ते मुलांना लिहू द्या.

शेवटी पाहोमच्या थडग्याला लागते ती तीन अर्शीन (जुनं रशियन माप) जमीन म्हणजे सुमारे सात फूट; हे आधी सांगू नका. ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न तर नकोच, त्याने चर्चा मरते. पाहोम नेमका कुठे वळायला हवा होता, ते विचारा.

चेखवची ‘पैज’ (१८८९) दहावीसाठी ठेवा.