घरी सांगितलं नाही म्हणजे मी भित्रा का?

समलिंगी मुलंमुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. साताऱ्याच्या मुलाकडून आणि काबूलच्या मुलाकडूनही. पुण्यात अफगाण विद्यार्थीही आहेत. त्यांच्यातल्या एकाची ही गोष्ट, त्याच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून.

त्याचा आदर्श नेमत सादात. अफगाणिस्तानात जन्मलेले, अमेरिकेत वाढलेले लेखक. काबूलमध्ये प्राध्यापकी केली, ती सुटली आणि ऑगस्ट २०१३मध्ये त्यांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. धमक्या आल्या, पण ते बोलत राहिले. त्यांची कादंबरी २०१९मध्ये भारतातच प्रसिद्ध झाली. २०२१मध्ये तालिबान परतल्यावर अडकलेल्यांना बाहेर काढायला ते झटले.

“ते जगासमोर बोलले, मॅडम. मला वडिलांना फोनवर सांगवत नाही.”

बरीच सत्रं तो स्वतःला दोषच देत होता. मग एकदा मी विचारलं, “त्यांनी जाहीर केलं तेव्हा ते कुठे होते?”

“अमेरिकेत.”

“तुझा व्हिसा?”

“शिक्षण संपेपर्यंत.”

“घरचे?”

“काबूललाच.” तो थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “म्हणजे मी बोललो तर भोगायचं त्यांनी.”

त्या वाक्यानंतर तो पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसला. ज्याला तो भित्रेपणा म्हणत होता, ती घरच्यांची काळजी होती. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्यावर त्याने लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. त्या दिवशी ते समोर घडताना पाहिलं, याचं मला समाधान आहे.

त्याने फक्त जर्मनीतल्या मोठ्या बहिणीला सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, “जेवलास का?” वडिलांचा विषय त्याने सध्या बाजूला ठेवलाय.

अफगाणिस्तानात २०१८च्या दंडसंहितेनेच समलिंगी संबंध गुन्हा ठरवले होते. आता तर तालिबान जाहीर फटके मारतात. २०१८मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. तरी इथेही फी वडील भरत असतील, तर आधी विचार करा: घराबाहेर काढलं तर रात्री कुठे जाल? शिक्षणाचं काय? सुरुवात एकाच भरवशाच्या माणसापासून करा. आणि कुणी डॉक्टर ‘बदलून देतो’ म्हणाला, तर तिथून उठा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. हे आईवडिलांनाही सांगा.