हेवा वाटतो, मत्सर घडतो

फोंड्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. चवथीला जावेच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर रानफळांनी बांधतात त्या सजावटीला, स्पर्धेत बक्षीस मिळालं. ते ऐकून मनात जे झालं, त्याला हेवा म्हणायचं, मत्सर की असूया? आणि 'मत्सर वाटतो' बरोबर की 'मत्सर करते'? लेक 'आई, तू जेलस झालीस' म्हणून मोकळी झाली. ते ताईंना फार लागलं.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. 'मला हेवा वाटतो' आणि 'मी हेवा करते', दोन्ही शुद्ध मराठी. फरक 'मी'च्या जागेत आहे. राग येतो, भूक लागते, हेवा वाटतो; इथे भावना आपली आपण येते आणि 'मला' गाठते. हेवा करणं, दुस्वास करणं यांत कर्ती मी असते. बक्षिसाची बातमी ऐकून छातीत कळ आली, ती वाटली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला 'परीक्षक त्यांच्या ओळखीतले होते' असं सांगितलं, तर ते केलं. ताई, पहिल्यासाठी स्वतःला बोल लावू नका. ते कुणाच्याच हातात नसतं. दुसरं मात्र पूर्ण आपल्या हातात असतं. तुकोबा 'कोणाही जीवाचा न घडो मत्सर' म्हणतात. 'न वाटो' म्हणत नाहीत. सेवा घडते, पाप घडतं, तसा मत्सर घडतो, म्हणजे आपल्या हातून होतो. क्रियापदाची ही निवड मला विलक्षण नेमकी वाटते.

आता नामं. असूया आपण मत्सराला पर्याय म्हणून सर्रास वापरतो, पण संस्कृत व्याकरणात तिचा अर्थ फार बारीक आहे. राग, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या अर्थाच्या क्रियापदांसाठी पाणिनीचं एक सूत्र आहे : ज्याच्यावर राग, त्याची चतुर्थी विभक्ती. त्यावर 'सिद्धांतकौमुदी' असूयेचा अर्थ देते, 'गुणेषु दोषाविष्करणम्', म्हणजे गुणांतच दोष काढून दाखवणं. माटोळीचंच घ्या. 'कवंडळं होती, तोरिंगं होती, सुपारीचे घोस तर काय सुंदर! पण बांधणी जरा दाटच झाली.' त्या 'पण'मध्ये असूया आहे. सांखळीच्या दत्तमंदिरात आपण ज्या दत्ताला हात जोडतो, त्याच्या आईचं नाव अनसूया, म्हणजे जिच्यात असूया नाही ती. आणि गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण सर्वांत गुप्त ज्ञान सांगायला घेताना अर्जुनाला 'अनसूयवे' म्हणतात, दोष काढत न बसणाऱ्या तुला सांगतो.

त्याच सूत्राखाली ईर्ष्येचा अर्थ 'अक्षमा' दिलाय, दुसऱ्याचं बरं न सोसणं. मराठीत ती ईर्षा झाली आणि चुरशीकडे झुकली. भजन स्पर्धेत पथकं ईर्षेने गातात असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात कौतुकच असतं.

मत्सर षड्रिपूंतला सहावा. 'तिच्याकडे नसावं' ही त्याची इच्छा. हेव्याची इच्छा 'मलाही असावं' एवढीच. म्हणून हेवा तोंडावर बोलता येतो. 'मला तुझा हेवा वाटतो' हे ऐकून समोरची व्यक्ती खूश होते. 'मला तुझा मत्सर वाटतो' असं कुणी कुणाला सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, व्याकरणात त्याला काही अडचण नसली तरी.

आणखी एक गोष्ट पाहा. जळफळाट, पोटशूळ, डोळ्यांत खुपणं, पाण्यात पाहणं, असे ढीगभर वाक्प्रचार आहेत, पण ते बहुधा तृतीयपुरुषीच चालतात. जळतो तो, पोटात दुखतं तिच्या. दिश्टही, म्हणजे दृष्टही, नेहमी दुसऱ्याचीच लागते, मीठ-मिरची ओवाळून ती काढायची. स्वतःबद्दल सरळपणे बोलायला एवढ्या गर्दीतून 'हेवा' हा एकच शब्द उरतो. तो वापरावा. जावेला 'तुझी माटोळी बघून मला हेवा वाटला गो, बांधायला कशी घेतलीस ते दाखव' असं म्हणता आलं, तर पुढच्या चवथीला दोघी मिळून रान धुंडाळाल.

राहिला लेकीचा 'जेलस'. इंग्रजीत एन्व्ही आणि जेलसी वेगळ्या. एन्व्हीत दोन माणसं, दुसऱ्याचं आपल्याला हवं असणं. जेलसीत बहुतेकदा तीन, आपलं माणूस तिसऱ्याकडे जाईल ही धास्ती. मराठीत या तिसऱ्या कोपऱ्यासाठी सवतीमत्सर आहे, पण तो सवतीपुरता. धाकट्या भावंडाला आईच्या मांडीवर पाहून थोरल्याला जे होतं, त्याला आपल्याकडे सुटा शब्द नाही. तिथे 'जेलस' आला तर माझी हरकत नाही. माटोळीच्या बाबतीत मात्र लेकीचा शब्द चुकला. ताईंना वाटला तो हेवाच.