बाई, आमच्या घरात कुणी टॅक्सच भरत नाही!

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात नववीला शिकवते. आयकर कळावा म्हणून मुलांना डोनाल्ड डकची ‘द न्यू स्पिरिट’ ही जुनी फिल्म दाखवली. मुलं हसली. मग एक जण म्हणाला, “बाई, आमची द्राक्षबाग आहे. आमच्या घरात कुणी टॅक्सच भरत नाही. हे आम्हाला कशाला?” काय सांगू?

उत्तर : बाई, पोरगं बरोबर बोललंय, हे आधी वर्गात कबूल करा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. मग बेदाण्याचा एक बॉक्स फळ्यावर काढा. बागेच्या औषधांच्या दुकानदाराचा नफा, अडत्याची अडत, कोल्ड स्टोरेजचं भाडं, बँकेत नोकरी करणाऱ्या काकाचा पगार, हे सगळं आयकराच्या हिशेबात येतं. तुमच्या वर्गातली कितीतरी मुलं उद्या यातलंच काहीतरी करणार.

फिल्म वाईट नाही, पण ती अमेरिकेच्या अर्थखात्यानं १९४२ मध्ये युद्धाच्या खर्चासाठी करून घेतलेली. डोनाल्ड फॉर्म भरताना तीन भाच्यांची सूट घेतो, तिथवर दाखवा. पुढं तोफा-विमानं सुरू होतात, तिथं सरळ बंद करा आणि वह्या काढायला लावा. (आपल्याकडचं काही हवं असेल तर आयकर खात्यानं २०२२ मध्ये मोटू-पतलूची कॉमिक्स आणि करांची सापशिडी काढली आहे.)

गणित द्या : २०२५-२६ साल, नवी करप्रणाली, करपात्र उत्पन्न १६ लाख. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून मुलं फक्त वरच्या चार लाखांवर कर लावतील. तसं नसतं; ती सवलत करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल त्यालाच. पहिले ४ लाख सुटतात, पुढच्या चारावर ५ टक्के म्हणजे २० हजार, त्यापुढच्या चारावर १० टक्के म्हणजे ४० हजार, शेवटच्या चारावर १५ टक्के म्हणजे ६० हजार. एकूण १ लाख २० हजार, वर त्या कराच्या ४ टक्के सेस (उपकर). माझ्याकडे सांगलीत विश्रामबागेत कराचं विचारायला चांगले शिकलेले लोक येतात आणि ‘पंधरा टक्क्यांत गेलो’ म्हणून सगळ्या सोळा लाखांवर पंधरा टक्के लावून, २ लाख ४० हजारांच्या धास्तीनं घाम पुसत बसतात. नववीत हे एकदा हातानं केलं असतं तर माझा चहा वाचला असता.

तरीही कुणी जांभया देत असेल, तर विचारा : यूट्यूबवर स्वतःच्या कसबानं कमावणाऱ्या पोराचं उत्पन्न कुणाच्या नावावर धरतात? त्याच्याच. आणि बापानं त्याच्या नावे ठेवलेल्या ठेवीचं व्याज? आई-बापांपैकी ज्याची कमाई जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवतात. यावर नववीची पोरं तास संपेपर्यंत भांडतील.