इंग्रजी शब्दकोश : कोणता घ्यावा, कसा वापरावा?

इंग्रजी–मराठी कोश माझ्याकडे आहे. सगळे म्हणतात, आता इंग्रजी–इंग्रजी घे. घेऊ का?

घ्या, पण जुना काढून टाकू नका. झाडं, प्राणी, आजार यांची नावं मराठीत एका शब्दात कळतात, त्यासाठी इंग्रजीतली तीन ओळींची व्याख्या वाचायची गरज नाही. क्रियापदं आणि विशेषणांसाठी मात्र इंग्रजी–इंग्रजी कोश हवाच. निवडताना तो ‘लर्नर्स’ म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा आहे ना, एवढं पाहा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठीचे जाडजूड कोश तुम्हाला दमवतील. ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश मुळात ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांबरोबर तयार केला. १९४२ मध्ये तो तिथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. परभाषक विद्यार्थी कुठे अडतात हे वर्गात पाहिलेल्या माणसांचं ते काम आहे.

व्याख्येतलेच शब्द अडतात. मग त्यांचे अर्थ शोधत बसायचं का?

नाही, कोश बदला. लाँगमनने १९७८ च्या कोशात व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच बसवल्या. कॉलिन्स कोबिल्डने १९८७ मध्ये पूर्ण वाक्यात अर्थ सांगायची पद्धत आणली, म्हणजे शब्द कसा वापरायचा ते व्याख्येतच दिसतं. घेण्याआधी अर्धवट माहीत असलेले तीन-चार शब्द दोन-तीन कोशांत काढून पाहा. जिथे अर्थ चटकन पोचेल, तो तुमचा कोश.

शब्दांचे अर्थ पाठ आहेत, तरी लिहिताना चुका होतातच. असं का?

कारण आपण अर्थ पाहून कोश मिटतो! माझ्या मते खरा ऐवज त्यानंतर असतो. नामाशेजारी ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर दिसेल. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ ही ‘यू’ गटातली, म्हणून त्यांना शेवटी ‘एस’ लागत नाही. क्रियापदाशेजारी ‘टी’ असेल तर त्याला थेट कर्म लागतं. ‘डिस्कस’ तसंच आहे. मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही ‘डिस्कस अबाउट’ लिहून बसतो. ‘डिस्कस द प्लॅन’ एवढंच पुरतं.

त्याखालची उदाहरणं तर सोडूच नका. मुसळधार पावसाला ‘हेवी रेन’ म्हणतात, ‘स्ट्राँग रेन’ नाही. चूक ‘मेक’ करतात, ‘डू’ नाही. अशा जोड्या नियमाने कळत नाहीत, वाचूनच अंगवळणी पडतात. म्हणून वहीत सुटा शब्द उतरवू नका, अख्खं वाक्य उतरवा आणि त्याच घाटाचं एक वाक्य स्वतःबद्दल लिहा. वेळ लागतो, पण असे पाच शब्द नुसत्या पाठ केलेल्या पन्नासांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पुस्तक वाचताना प्रत्येक अडलेला शब्द कोशात पाहावा का?

मुळीच नाही, वाचनाची गोडी जाते. पेन्सिलने खूण करून पुढे जा. जो शब्द पुन्हा पुन्हा भेटेल किंवा ज्याच्यावाचून वाक्यच कळत नाही, तेवढाच प्रकरण संपल्यावर पाहा.

छापील कोश की मोबाइल?

दोन्ही चालतील. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमनचे शिकणाऱ्यांसाठीचे कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. उच्चारासाठी तर मोबाइलच बरा. देवनागरीत लिहिलेल्या उच्चारावर विसंबू नका, कारण त्यात आघात कळत नाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार वेगवेगळे ऐकवलेले असतात. त्यांतला एक निवडा, दोनदा ऐका आणि मोठ्याने म्हणा.